फिलिपिन्समधली गरिबी, सरकारी मदत आणि ‘आतलं ऋण’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माणसाला मनिला ठाऊक असते ती मॅगसेसे पुरस्कारामुळे. १९५८ मध्ये, पहिल्याच वर्षी, तो विनोबांना मिळाला. १९७९ मध्ये जामखेडच्या आरोळे दांपत्याला, १९८५ मध्ये बाबा आमट्यांना. ज्या देशातून हा पुरस्कार येतो तिथली माणसं कशी जगतात, याची चौकशी मात्र हल्ली होऊ लागली आहे, कारण आपली मुलं डॉक्टरकी शिकायला दावाओ-मनिलाला जाऊ लागली आहेत. मी मनिलाला लागून असलेल्या क्वेझॉन सिटीत तीन वर्षं राहून आले. त्या मुलांचे पालक आणि समाजकार्याचे विद्यार्थी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. पैशांचा हिशेब करताना एक पेसो म्हणजे साधारण दीड रुपया धरा.

एवढे मोठाले मॉल, इतकं सफाईदार इंग्रजी. मग फिलिपिन्स गरीब कसा?

मॉल खरे आहेत आणि मॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली वस्तीही खरी आहे. सरकारी हिशेबाने २०२३ मध्ये १५.५ टक्के, म्हणजे सुमारे पावणेदोन कोटी लोक दारिद्र्यरेषेखाली होते. कोविडच्या तडाख्यात, २०२१ मध्ये, हेच प्रमाण १८.१ टक्के होतं. गरिबी घटते आहे, त्यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो रेषेवर. पाच जणांच्या घरात महिन्याला १३,८७३ पेसो आले की ते घर रेषेच्या वर गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये नियोजन खात्याने सिनेटसमोर सांगितलं की, अन्नापुरती रेषा माणशी दिवसाला ६४ पेसो आहे. म्हणजे एका जेवणाला जेमतेम २१ पेसो. त्यावरून देशभर टवाळी झाली, आणि ती रास्तच होती.

उलट ‘सोशल वेदर स्टेशन्स’ ही पाहणी करणारी संस्था थेट कुटुंबप्रमुखालाच विचारते, ‘तुम्ही गरीब आहात का?’ डिसेंबर २०२४ मध्ये ६३ टक्के कुटुंबांनी ‘हो’ म्हटलं. मला दोन्ही आकडे खरे वाटतात. पहिला उपासमार मोजतो, दुसरा चणचण.

रोजच्या जगण्यात ही चणचण दिसते कुठे?

सारी-सारी दुकानात. घराच्या पुढच्या खोलीला लोखंडी जाळी ठोकून काढलेलं हे किराणा दुकान गल्लोगल्ली असतं. जाळीला हात जाईल एवढीच फट. वरून शांपू, इन्स्टंट कॉफी, सोया सॉस यांच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात. सुटं विकण्याला ‘तिंगी’ म्हणतात: एक सिगारेट, एक अंडं, डोकेदुखीची एकच गोळी, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिलेलं पाव कप तेल. मी राहायचे त्या गल्लीत संध्याकाळी सहाच्या सुमाराला पोरं मुठीत नाणी घेऊन त्या जाळीशी रांग लावायची. आजच्या रात्रीपुरता तांदूळ, आजच्यापुरतं तेल. पुड्या-पुड्यांनी घेतलं तर एकूण महाग पडतं हे प्रत्येकीला कळतं, पण बाटली घ्यायला एकदम ऐंशी-नव्वद पेसो काढायचे कुठून? काउंटरवर दोरीला पेन बांधलेली एक वही असते. तिला ‘लिस्ताहान’ म्हणतात. आपली उधारीची वहीच ती.

आपण ‘हातावर पोट’ म्हणतो, ते म्हणतात ‘इसांग काहिग, इसांग तुका’. कोंबडीने एकदा उकरायचं, एक दाणा टिपायचा.

‘पागपाग’ काय प्रकार आहे? ते लोक खरंच खातात का?

फास्ट फूडच्या दुकानांनी टाकलेलं तळलेलं कोंबडीचं मांस कचऱ्यातून वेचायचं, झटकायचं, धुऊन पुन्हा शिजवायचं. पागपाग म्हणजेच झटकणं. मनिलातल्या तोंदोसारख्या गरीब भागात ते विकलं जातं, हे खरं आहे. पण परदेशी कॅमेऱ्यांना त्याची इतकी चटक लागली आहे की, फिलिपिनो गरीब म्हणजे पागपाग असं समीकरणच होऊन बसलंय. बहुतेक गरीब घरांत भात, सुकी मासळी नाहीतर टिनमधले सार्डिन आणि नूडल्सचं पाकीट खातात. पाच वर्षांखालच्या दर चार मुलांमागे साधारण एकाची वाढ खुंटलेली आहे. माझ्या लेखी पागपागपेक्षा ही बातमी मोठी आहे, पण तिचा व्हिडिओ होत नाही.

तिथे भारतीयांना ‘बुंबाय’ म्हणतात. ही शिवी आहे का?

पुरती शिवी नाही, पण कौतुकही नाही. शब्द आपल्या मुंबईवरून, ‘बॉम्बे’वरून गेला, माणसं मात्र बहुतांश पंजाबी. मोटारसायकलवरून दारोदार फिरून ते ‘फाइव्ह-सिक्स’ने पैसे देतात: पाच घ्या, सहा परत करा, रोजच्या रोज थोडे थोडे फेडा. सोबत पंखा, छत्री, मच्छरदाणीही हप्त्यावर. व्याज महिन्याभरातच २० टक्क्यांवर जातं. तरी भाजीवाली बँकेऐवजी त्यालाच गाठते, कारण तो कागद मागत नाही आणि सकाळी सहाला बाजारात हजर असतो. सरकारने २०१७ मध्ये या सावकारीला पर्याय म्हणून स्वस्त कर्जाची योजना काढली. फाइव्ह-सिक्स काही संपलं नाही.

बायकांचा दुसरा आधार ‘पालुवागान’. दहा जणींनी दरमहा ठरलेली रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकीने सगळी उचलायची. म्हणजे भिशीच, अगदी मध्येच एखादीने गाशा गुंडाळण्यासकट.

जाता जाता: सेबूकडच्या भाषेत ‘बोंबाय’ म्हणजे कांदा. डिसेंबर २०२२ मध्ये फिलिपिन्समध्ये कांदा किलोला ७०० पेसोंच्या आसपास गेला होता, मांसाच्याही वर. नाशिककडच्या लोकांना मी हे सांगते तेव्हा ते आधी विश्वास ठेवत नाहीत आणि मग हळहळतात.

कामधंदा असूनही लोक गरीब का राहतात?

‘एन्दो’मुळे, निदान शहरांत तरी. इंग्रजीतल्या ‘कंत्राट संपलं’ या अर्थाच्या शब्दांची ती मोडतोड आहे. कायद्याने सहा महिने झाले की कामगाराला कायम करावं लागतं, म्हणून मॉलमधल्या पोरीला, कारखान्यातल्या पोराला पाचव्या महिन्यात नारळ मिळतो. पुढे दुसरं दुकान, पुन्हा पाच महिने. एन्दो संपवायचं वचन देऊन दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि संसदेने त्यासाठी विधेयक केलं तेव्हा, जुलै २०१९ मध्ये, त्यांनीच ते नाकारलं. किमान वेतन प्रदेशागणिक वेगळं. मनिला महानगरात जुलै २०२५ पासून दिवसाला ६९५ पेसो. एक चांगली गोष्ट म्हणजे १९७५ च्या हुकमाने डिसेंबरात ‘तेरावा पगार’ सक्तीचा आहे. नाताळ त्यावरच निघतो.

‘फोर पीज’ ही योजना नेमकी कशी चालते?

सरकारी मदतीचा कणा तोच, म्हणून जरा सविस्तर सांगते. पूर्ण नाव ‘पांताविद पामिल्यांग पिलिपिनो प्रोग्राम’. ‘पांताविद’ म्हणजे या काठावरून त्या काठाला नेणारं. २००७ मध्ये प्रायोगिक, २००८ पासून देशभर, आणि एप्रिल २०१९ मध्ये तिचा कायदा झाला, त्यामुळे नव्या राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीने ती गुंडाळता येत नाही. सुमारे ४४ लाख गरीब कुटुंबांसाठी ती आखलेली आहे.

हिशेब असा. आरोग्यासाठी घराला महिन्याला ७५० पेसो. प्राथमिक शाळेतल्या मुलाला ३००, माध्यमिकला ५००, उच्च माध्यमिकला ७००. तीनच मुलं धरतात आणि शाळेचे पैसे वर्षात दहा महिने. वर तांदळासाठी ६००. दोन मुलं प्राथमिकला, एक माध्यमिकला असेल तर महिन्याला २,४५० पेसो होतात. वर दिलेली दारिद्र्यरेषा आठवा. या पैशाने घर चालत नाही. मूल शाळेतून काढलं जात नाही, एवढंच साधतं. तेही थोडं नाही.

बदल्यात अटी आहेत. शाळेत ८५ टक्के हजेरी, लहानग्यांची तपासणी आणि लसी, जंताच्या गोळ्या, गरोदरपणी तपासण्या, आणि घरातल्या एकाने महिन्यातून एकदा कुटुंबविकासाच्या बैठकीला जाणं. ‘एकाने’ म्हणजे आईने, हे वेगळं सांगायला नको. मी अशा दोन बैठका पाहिल्या. बास्केटबॉलच्या छपराखालच्या मैदानात प्लास्टिकच्या खुर्च्या, पन्नास-साठ बाया, मांडीवर पोरं. वही तपासणारी कार्यकर्ती तिशीच्या आतली होती आणि तिच्याकडे शेकडो कुटुंबं होती. त्या दिवशी विषय होता घरातल्या भांडणांचा. कुणीतरी नवऱ्याची नक्कल केली आणि पुढची दहा मिनिटं विषय बाजूलाच राहिला.

दोन दुखणी मात्र खरी आहेत. एक, यादी. छत कशाचं, भिंत कशाची, घरात काय काय आहे यावरून संगणक उत्पन्नाचा अंदाज बांधतो. भावाने दुबईहून पैसे पाठवून एक भिंत पक्की केली की बहिणीचं नाव धोक्यात. दोन, ‘सांगला एटीएम’. पैसे बँकेच्या कार्डावर येतात, आणि अडचणीत बाई ते कार्डच पिन क्रमांकासकट सावकाराकडे गहाण टाकते.

घरात कुणी आजारी पडलं तर काय करतात?

कागदोपत्री उत्तर सोपं आहे. १९९५ पासून ‘फिलहेल्थ’ हा राष्ट्रीय आरोग्य विमा आहे आणि २०१९ च्या सार्वत्रिक आरोग्य कायद्याने प्रत्येक नागरिक त्यात आपोआप धरला जातो. तरीही आरोग्यावर होणाऱ्या खर्चाचे ४० टक्क्यांहून जास्त पैसे लोकांच्या खिशातूनच जातात.

म्हणून मग चिठ्ठी गोळा करायला निघायचं. तिला ‘गॅरंटी लेटर’ म्हणतात: अमुक रुग्णाच्या बिलातले इतके पेसो आम्ही भरू, असं रुग्णालयाला लिहून दिलेलं पत्र. आधी बारांगायमधून, म्हणजे वॉर्ड-ग्रामपंचायतीसारख्या कचेरीतून, आपण निर्धन असल्याचा दाखला. मग डॉक्टरांचा अहवाल, बिलाची प्रत, ओळखपत्र, सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स. मग खासदाराची कचेरी, समाजकल्याण खातं, सरकारी लॉटरीचं कार्यालय. सगळं एका छपराखाली यावं म्हणून २०१८ पासून रुग्णालयांत ‘मालासाकित’ केंद्रं निघाली. मालासाकित म्हणजे कळवळा. त्यांनी पायपीट वाचवली, पण त्यांच्याभोवतीही पुढाऱ्यांची नावं आणि फोटो चिकटलेच.

२०२५ च्या अंदाजपत्रकात फिलहेल्थला सरकारी अनुदान शून्य ठेवलं गेलं, आणि त्याच वेळी कमी पगारवाल्यांना एकरकमी मदत देण्याच्या ‘आकाप’ योजनेला २६ अब्ज पेसो मिळाले. ही मदत खासदारांच्या ओळखीपाळखीने वाटली जाते, अशी तक्रार त्या योजनेबद्दल पहिल्यापासून होती. विम्याचा पैसा विनाशिफारस मिळतो, आकापचा मिळायचा तो हात पसरून. कोणता आटला आणि कोणता चालू राहिला, ते पाहा. जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस ज्युनिअर यांनी आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत साध्या वॉर्डातल्या रुग्णाचं बिल शून्य असेल असं जाहीर केलं. मात्र जिल्ह्या-गावांतली बरीच सरकारी रुग्णालयं त्या खात्याची नसून स्थानिक प्रशासनाची आहेत.

मदत मिळाली, काम झालं. मग ती कुणाच्या ओळखीने आली याने काय फरक पडतो?

हा प्रश्न समाजकार्याचे विद्यार्थी विचारतात आणि याचं उत्तर एका शब्दात आहे: ‘उतांग ना लोओब’. उतांग म्हणजे देणं, लोओब म्हणजे आत. आतलं देणं, जे पैशाने फिटत नाही. ज्याने अडीनडीला हात दिला त्याला जन्मभर विसरायचं नाही. विसरलास तर तुला ‘वालांग उतांग ना लोओब’ म्हणतील, आणि त्याहून वाईट काही कुणी कुणाला म्हणू शकत नाही. शेजाऱ्यांमध्ये, नात्यांत ही फार सुंदर गोष्ट आहे. मी तापाने पडले तेव्हा आमच्या घरमालकीण बाईंनी तीन दिवस आलं घातलेली भाताची पेज आणून दिली. त्यांच्या नातीची फी मी एकदा भरली तेव्हा कुठे मला जरा हलकं वाटलं.

पण आईच्या डायलिसिसची चिठ्ठी महापौरांच्या सहीने आली की तेच ऋण मतपेटीपर्यंत जातं. पैसा करदात्यांचा, आभार मात्र त्या घराण्याचे. तांदळाच्या पिशवीवर, रुग्णवाहिकेवर, पुरात वाटलेल्या पंख्यांवर पुढाऱ्याचं नाव छापलेलं असतं. अशा मिरवणाऱ्याला लोक ‘एपाल’ म्हणतात. हसतात, आणि मतही त्यालाच देतात. मला यात त्यांचा मूर्खपणा दिसत नाही. उद्या पुन्हा डायलिसिस आहेच.

घरातलं कुणीतरी परदेशात, हे प्रत्येक फिलिपिनो कुटुंबाचं खरं आहे का?

प्रत्येक नाही, पण आमच्या गल्लीत असं घर शोधावं लागलं असतं ज्यातलं कुणीच बाहेर नाही. १९७४ च्या कामगार संहितेने थोरल्या मार्कोसच्या राजवटीत मजूर परदेशी पाठवणं हे सरकारी धोरण झालं. तात्पुरता उपाय म्हणून सुरू झालं ते आज पन्नास वर्षं चालू आहे. २०२४ मध्ये या परदेशातल्या कामगारांनी बँकांमार्फत ३४ अब्ज डॉलरहून जास्त पाठवले. १९८८ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी त्यांना ‘बागोंग बायानी’, नवे वीर, म्हटलं. वीर म्हटलं की निवृत्तीवेतन, नोकरी, सुरक्षितता यांचे प्रश्न जरा मागे पडतात, हा माझा शेरा.

१७ मार्च १९९५ रोजी सिंगापूरने फ्लोर कोंतेम्प्लासियोन या घरकामगार बाईला फाशी दिलं आणि मनिलाचे रस्ते पेटले. त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांचा कायदा आला. २०२१ च्या अखेरीस स्वतंत्र खातंही. देशातल्या मोलकरणींसाठी २०१३ मध्ये ‘कासांबाहाय’ कायदा झाला: लेखी करार, आठवड्याची सुट्टी, विमा. तो घराघरांत पाळला जातो असं मात्र मी म्हणणार नाही.

मागे राहिलेली मुलं आजी नाहीतर मावशी वाढवते. आईचं प्रेम ‘बालिकबायान’ खोक्यातून येतं: कमरेएवढं पुठ्ठ्याचं खोकं, चारी बाजूंनी चिकटपट्टी, वर जाड पेनाने लिहिलेलं नाव. आत साबण, कॉर्न्ड बीफ, चॉकलेट, टॉवेल, बूट. बोटीने यायला महिना-दोन महिने लागतात. शेजारच्या घरी रियाधहून आलेलं खोकं उघडताना मी होते. बूट नवे कोरे होते, आणि पोराच्या पायाला एक बोट लहान. आजीने ते लगेच धाकट्या चुलतभावाला घालून पाहिले.

घटस्फोट खरंच मिळत नाही?

मुस्लिमांना १९७७ च्या वैयक्तिक कायद्याने मिळतो, बाकीच्यांना नाही. व्हॅटिकन सोडलं तर जगात हा एकच देश. मे २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृहाने विधेयक मंजूर केलं, सिनेटमध्ये ते अडलं. लग्न मुळातच अवैध होतं असं कोर्टात सिद्ध करायची वाट आहे, पण ती वर्षांची आणि लाखो पेसोंची. गरीब बाई सरळ वेगळी राहते आणि कागदावर विवाहितच मरते. अशा एकट्या पालकांसाठी २००० चा कायदा २०२२ मध्ये वाढवला गेला: किमान वेतन किंवा त्याहून कमी मिळत असेल तर महिन्याला १,००० पेसो.

कॅथलिक चर्च विरुद्ध संसद अशा झगड्यातून गर्भनिरोधनाचा कायदा २०१२ मध्ये आला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून काही कलमं गमावून सुटला. संमतीचं वय १२ होतं. ते १६ व्हायला २०२२ उजाडलं.

दुतेर्तेंच्या ‘ड्रग वॉर’बद्दल, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेबद्दल, तिथले लोक काय म्हणतात?

कुणाला विचारता त्यावर आहे. पोलिसांच्या कारवाईत ६,२०० हून जास्त माणसं मेली, हा सरकारी आकडा; मानवाधिकार संघटनांचा अंदाज ३०,००० पर्यंत जातो. मेलेले बहुतेक वस्त्यांमधले. ऑगस्ट २०१७ मध्ये कालोओकानमध्ये १७ वर्षांच्या कियान देलोस सांतोसला मारलं गेलं, आणि पुढल्या वर्षी तीन पोलिसांना शिक्षा झाली; असे निकाल बोटांवर मोजण्याइतके. मार्च २०२५ मध्ये दुतेर्तेंना अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात नेलं. मे महिन्यात, कोठडीत असतानाच, दावाओने त्यांना पुन्हा महापौर म्हणून निवडून दिलं. पालकांनो, मुलं दावाओत असतील तर त्यांना या विषयावर टॅक्सीत मतं मांडू नका म्हणून सांगा.

मागे उरलेल्या बायकांचं काय, हे क्वचित विचारलं जातं. फादर फ्लावियानो विलानुएवा हे एकेकाळी स्वतः व्यसनात अडकलेले पाद्री या विधवांसाठी काम करतात. गरिबांच्या दफनभूमीत जागा पाच वर्षांच्या भाड्याने असते. मुदत संपली की अस्थी बाहेर. त्यांनी त्या काढून, तपासून, नीट जागी ठेवायचं काम हाती घेतलं. तेव्हा कळलं की गोळी लागून मेलेल्या काहींच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण ‘न्यूमोनिया’ लिहिलं होतं. २०२५ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला.

वादळात सरकार काय देतं?

वर्षाला वीसेक वादळं येतात. ८ नोव्हेंबर २०१३ च्या ‘योलांदा’ने ६,३०० बळी घेतले, ताक्लोबान शहर समुद्राच्या लाटेखाली गेलं. सूचना आणि स्थलांतराची शिस्त त्यानंतर पुष्कळ सुधारली. समाजकल्याण खात्याचं खोकं लगेच पोचतं: सहा किलो तांदूळ, टिनमधले मासे आणि मांस, कॉफीच्या पुड्या. निवारा म्हणजे शाळेचे वर्ग, त्यामुळे शाळा बंद. पुढाऱ्यांना ‘फिलिपिनो माणूस चिवट आहे’ म्हणायची सवय आहे. तरुण पोरं आता त्या शब्दाला वैतागली आहेत. २०२५ मध्ये पूरनियंत्रणाची कामं फक्त कागदावर झाल्याचं उघड झालं आणि २१ सप्टेंबरला, थोरल्या मार्कोसने लादलेल्या मार्शल लॉच्या स्मृतिदिनी, हजारो लोक रस्त्यावर आले.

सरकारशिवाय लोक एकमेकांसाठी काही करतात का?

‘बायानिहान’ म्हणजे अख्खं झोपडं बांबूवर तोलून खांद्यावरून हलवणारे शेजारी, हे चित्र तिथल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. एप्रिल २०२१ मध्ये क्वेझॉन सिटीच्या मागिन्हावा रस्त्यावर एका २६ वर्षांच्या तरुणीने बांबूच्या हातगाडीवर भाजी, तांदूळ, डबे ठेवले आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: जमेल तेवढं द्या, लागेल तेवढं घ्या. काही दिवसांत देशभर शेकडो गाड्या उभ्या राहिल्या. ना दाखला, ना यादी, ना कुणाचा फोटो. यंत्रणेला त्यात साम्यवादी दिसले आणि पोलीस चौकशीला आले, म्हणून तिने गाडी एक दिवस बंद ठेवली. मग पुन्हा लावली.

म्हाताऱ्यांना काय मिळतं?

साठीनंतर औषधं, हॉटेल, प्रवास यांवर २० टक्के सूट. आणि ती बहुतेक ठिकाणी खरोखर मिळते. निर्धन वृद्धांचं निवृत्तीवेतन ५०० वरून १,००० पेसो झालं. शंभरी गाठली की एक लाख पेसो. इतकं जगायचं कोण, म्हणून २०२४ च्या कायद्याने ८०, ८५, ९० आणि ९५ ला दहा-दहा हजारही ठेवले.

माझी मुलगी तिथे शिकते. तिला कुणाला मदत करायची असेल तर?

बारांगायच्या आरोग्य केंद्रात विचारावं. तिथल्या आरोग्य कार्यकर्त्या, आपल्या आशा ताईंसारख्याच, कोणत्या घरी काय हवं ते जाणतात. मोठ्या बाईला ‘आते’, मोठ्या मुलाला ‘कुया’ म्हणायचं आणि वाक्याच्या शेवटी ‘पो’ लावायचं. तो त्यांचा ‘अहो’ समजा. रोख देऊ नये, तांदूळ द्यावा. पैसे द्यायचेच असतील तर सारी-सारीत जाऊन त्या घराची वहीतली उधारी चुकती करावी. दुकानवाल्या आतेला फक्त सांगायचं, नाव सांगू नका म्हणून.